दोधूनानांचे टॅपेट

मयताला निघालेल्या बायकांना "जरा रडणं थांबवा" असं सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पौषातली पहाट होती. पारोळ्याला कुणीतरी गेलं होतं, आणि घरच्या पाच-सहा बायका मोटारस्टँडवर न जाता थेट दोधूनानांच्या अंगणात येऊन त्यांच्या सर्व्हिस मोटारीत बसल्या होत्या. गळा काढून रडत होत्या. नानांनी हँडल मारलं, इंजिन सुरू झालं आणि ते बॉनेटला कान लावून उभे राहिले. मग आठ्या घालून खिडकीशी आले, हात जोडले आणि म्हणाले, "माय वं, जराशा उग्या बठा. टॅपेट आयकू द्या. मंग बठ्ठ्या मिळीसन रडा."

बायका खरंच गप्प झाल्या. नानांनी पुन्हा कान लावला, ऐकलं, मान हलवली आणि सांगितलं, "हां, आते चालू द्या." पण तुटलेला सूर पुन्हा लागेना. पारोळा येईपर्यंत त्या बायका नानांना शिव्या घालत गेल्या. मयताच्या दारात उतरल्यावर मात्र त्यांनी असा हंबरडा फोडला, की गाव म्हणालं, माणूस मोठा भाग्याचा.

दोधूनाना आता नाहीत. साक्रीकडे पुतण्याच्या घरी वारले, असं मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. ते असते तर मी हे लिहिलं नसतं. लिहिलं असतं तरी त्यात मी बरा दिसेन अशी तजवीज केली असती.

मी तेव्हा धुळ्याला एका जिनिंग फॅक्टरीत इंजिनावर फिटर होतो. बिऱ्हाड जळगावला, आईपाशी. मी नोकरीपुरता धुळ्यात पारोळा रोडला एक खोली घेऊन राहत होतो. खोलीच्या खिडकीला लागून नानांचं अंगण, आणि अंगणात नानांची मोटार. स्वराज्य नुकतंच आलं होतं. लढाई संपल्यावर लष्करानं जुने ट्रक लिलावात काढले, त्यातला एक नानांनी घेतला, त्यावर सुताराकडून सागवानी बॉडी चढवली आणि धुळे-जळगाव सर्व्हिस सुरू केली. बॉडीच्या दोन्ही अंगांना मोर काढले होते. दर शनिवारी मी त्याच मोटारीनं घरी जायचो, नानांच्या शेजारच्या जागेवर बसून. ती जागा ते दुसऱ्या कुणाला देत नसत. फिटर शेजारी असला म्हणजे वैद्य बरोबर घेऊन निघाल्यासारखं त्यांना वाटे.

मोटारीला दुखणं एकच. हिवाळ्यात पहाटे गार इंजिन सुरू केलं की वरच्या झाकणाखालून टक् टक् टक् असा आवाज यायचा, आणि चहा होईस्तोवर तो आपोआप कमी व्हायचा. फिटरच्या लेखी हे दुखणंच नव्हे. इंजिनाला व्हॉल्व्ह असतात, म्हणजे दारंच म्हणा ना. काही पेट्रोल आत घेणारी, काही धूर बाहेर टाकणारी. त्यांची उघडझाप टॅपेट करतात. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यात नखाच्या कडेइतकी फट मुद्दाम सोडलेली असते, कारण लोखंड तापलं की लांबतं, आणि त्याला लांबायला जागा हवी. गारठ्यात तेल घट्ट होतं, वर चढायला वेळ लावतं, तोवर फट कोरडी वाजते. पातळ तेल घालावं, तेलाची भोकं साफ ठेवावीत, इंजिनाला थोडा वेळ द्यावा. संपलं.

हे मी नानांना समजावून सांगितलं. दर हिवाळ्यात सांगितलं. नाना नीट ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरोबर शे, फिटरभाऊ. पन ते टकटक कसाले करस?"

त्यांचं शास्त्र वेगळं होतं. "इंजिन बाळंतीन शे. तिले गार वारा चालस नही." असं म्हणून ते थांबत नसत, त्याप्रमाणे वागत. बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवतात तशी शेगडी पहाटे इंजिनाखाली सरकवायचे. गोवऱ्यांचा निखारा, वर राख, आणि राखेवर चिमूटभर ओवा. ओवा कशाला, म्हणून मी विचारलं तर माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मला आई नव्हती. बॉनेटवर गोधडी, आणि रेडिएटरच्या तोंडाला त्यांच्या बायकोचं, म्हणजे अक्काचं, जुनं लुगडं गुंडाळलेलं. पेट्रोलच्या गाडीखाली निखारे ठेवणारा माणूस शेजारी राहतो म्हणून मी माझी ट्रंक कायम दाराशी ठेवायचो.

तेलाची तर तऱ्हाच. रोज संध्याकाळी नाना इंजिनातलं तेल खाली काढून पितळी पातेल्यात भरायचे. पहाटे अक्का चुलीच्या एका तोंडावर चहा आणि दुसऱ्या तोंडावर ते तेल चढवायची. याचा गुण यायचा, हे मला कबूल केलं पाहिजे. गरम तेल लवकर वर चढतं. आवाज निम्म्यावर यायचा. पण निम्मा आवाज नानांना सबंध आवाजापेक्षा जास्त छळायचा.

एकदा अक्काची आई शिरपूरहून आली. म्हातारीचे गुडघे धरलेले. पहाटे उठून बघते तो चुलीवर कोमट तेल. तिला वाटलं, जावयाला आपली दया आली. तिनं दोन्ही गुडघे चोळले, उरलं ते कमरेला लावलं. नाना पातेलं न्यायला आले तेव्हा तळाशी बोटभरसुद्धा नव्हतं.

"माय, मोटारनं तेल कोठे गयं?"

म्हातारी म्हणाली, "कोनं बी ऱ्हावो, भलतं गुनकारी शे!"

त्या दिवशी सर्व्हिस उशिरा सुटली. पुढे म्हातारीचे शिरपूरहून निरोप यायला लागले, की जावयाला म्हणावं बाटलीभर मोटारीचं तेल धाड. नाना धाडायचे. म्हातारीच्या गुडघ्यांनी आवाज करणं थांबवलं आणि मोटार मात्र ऐकत नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटे.

आवाज नेमका कुठून येतो हे शोधायला ते लाटण्याचं एक टोक झाकणावर टेकवून दुसरं कानाला लावत. आम्ही फिटर लोक पेचकस लावतो. नानांना लाटणंच हवं असे, आणि तेही अक्काचंच. "लोखंड आपलं बी बोलस. लाकूड फक्त आयकाडस." म्हणजे लोखंड आपल्या पदरचं मिसळतं, लाकूड ऐकलं तेवढंच पोचवतं. त्यामुळे त्या घरात मोटार सुटल्याशिवाय पोळी लाटली जात नसे, आणि लाटली तर तिला पेट्रोलचा वास यायचा. अक्का स्वयंपाकघरातून ओरडायची, "मन्हं लाटनं लई या, नही तं आज टॅपेटच खा!"

बारा व्हॉल्व्ह होते, आणि नानांनी बाराही जणांना नातेवाईक ठरवून टाकलं होतं. पहिला म्हणजे वाटणीवरून बिनसलेला मोठा भाऊ. मधला एक आतेसासू. शेवटचा साडू. "आवाज कमी, पन खोटा," असं त्याच्याबद्दल मत होतं. पहाटे लाटणं कानाला लावून नाना पुटपुटायचे, "आज भाऊ जास्ती बोली रायना." अक्का चहाचे कप घेऊन यायची आणि विचारायची, "आनी मी कितवी?" नाना म्हणायचे, "तू कोठे बोलस?" आणि अक्का हसत आत जायची, कारण दिवसभर बोलायची ती एकटीच.

एका पावसाळ्यात अक्का तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. दिवसवार झाले आणि नानांनी मोटार पुन्हा रस्त्यावर काढली. लोक म्हणाले, बरं झालं, कामात मन रमेल. मीही तेच म्हणालो. अशा वेळी म्हणायला सोपं असं तेवढंच असतं.

हिवाळा आला. जिनिंगचा तोच हंगाम. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर अर्ध्या कोसावर गेलेली असायची आणि आम्ही दोन-दोन पाळ्या सलग करायचो. मध्यरात्र उलटून गेल्यावर अंग टाकावं आणि पहाटे खिडकीवर टकटक.

"फिटरभाऊ! आयकाले ये."

मी घोंगडी गुंडाळून बाहेर जायचो. नाना लाटणं पुढे करायचे. "सांग, हाई टकटक शे का कटकट शे?" मी म्हणायचो, काल होती तीच आहे. मग ते मला चहा द्यायचे. तो चहा कसा असायचा हे सांगण्याजोगं नाही. धूर आणि गूळ, बस. तो पिताना काल कोण बोललं, आज कोण बोललं, साडू कसा गप्प बसून खोड्या करतो, हे सगळं ते मला सांगायचे. अक्काचं नाव नाही. पोटाचं, झोपेचं, कशाचंही नाव नाही. नुसते टॅपेट.

मी खिडकी उघडणं बंद केलं. ते थांबायचे आणि पुन्हा वाजवायचे. एकदा मी न राहवून खिडकी धाडकन उघडली आणि म्हणालो, "नाना, मी फिटर आहे. तुमच्या बायकोचं लाटणं नाही, पहाटे उठून कानाला लावायला."

नाना म्हणाले, "हां, हां. बरोबर शे." आणि गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा टकटक झाली, फक्त बोटाच्या पेरानं, हळू.

त्या रविवारी दुपारी त्यांनी मला अंगणात ओढून नेलं. "एक डाव झाकण उघडी दे. कायमचं दखी ले." मी झाकण उघडलं. आतल्या पिना झिजल्या होत्या. लष्करी गाडी, सुटे भाग मिळण्याची आशा नाही. तेलाची भोकं काजळीनं बुजली होती, ती मी तारेनं मोकळी केली. इथवर सगळं धर्माला धरून झालं. आता फटी नेमक्या लावायच्या, पातळ तेल घालायला सांगायचं आणि हात धुवायचे. आवाज निम्म्याहून कमी झाला असता. पण थोडा राहिला असता.

म्हणजे उद्या पहाटे पुन्हा टकटक.

मी पाना उचलला आणि एकेक फट बंद केली. कमी केली नाही, पार बंद. बाराही. त्याचं पुढे काय होतं हे मला पाठ होतं. फट नसली की तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. दार किलकिलं राहतं. त्या चिरेतून जाळ निसटतो आणि दाराची कड खात जातो. आवाज कसलाही येत नाही. नाना शेजारी उभं राहून प्रत्येक नट फडक्यानं पुसत होते आणि हसत म्हणत होते, "भाऊले जरा जास्ती आवळ. आयुष्यभर बोलना तो."

मी अज्ञानानं चुकलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. ते बसत नाही. मला झोप हवी होती, आणि त्याहून जास्त, मला त्या माणसाचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीवर धडाधडा थापा पडल्या. मी दचकून उठलो.

"फिटरभाऊ! आयक! आयक!"

"काय झालं?"

"काहीच नही! काहीच नही आयकाले येत! आयक!"

म्हणजे झोप त्याही दिवशी मोडलीच.

नानांनी पेठेतल्या एका बाईकडून खापरावरचे मांडे करवून आणले आणि मला समोर बसवून खाऊ घातले. दूध-तुपात बुडवलेला तो मांडा मी चिमटी-चिमटीनं खात होतो. त्यांना वाटलं, मी संकोची आहे. स्टँडवर त्यांनी ज्याला त्याला सांगितलं, "मन्हा फिटरभाऊनं मोटारले मंत्र दिना." इतर मोटारवाले माझ्याकडे यायला लागले. मी त्यांच्या फटी अगदी नेमक्या लावून दिल्या. त्यांच्या मोटारी टकटक करत राहिल्या, आणि माझ्याबद्दल स्टँडवर असं मत झालं की हा फक्त दोस्तीत मन लावून काम करतो.

आणि नाना बोलायला लागले. आजवर पहाटे मोटारीत कुणी खोकला तरी त्यांना चालत नसे. आता तेच सगळ्यांच्या आधी सुरू करायचे. शनिवारी शेजारी बसलो की धुळे ते जळगाव तोंड थांबायचं नाही. अक्का पहिल्यांदा मोटारीत बसली तेव्हा तिनं भीतीनं स्टिअरिंगच कसं धरलं होतं, एरंडोलला ती उतरून चिंचा कशी वेचायची, सगळं. मी खिडकीबाहेर बघत हुंकार द्यायचो. त्यांच्या बोलण्यामागे इंजिन शांत चालत असायचं, आणि मी त्या शांततेकडे कान लावून बसलेला असायचो.

आता मी रोज पहाटे न बोलावता त्यांच्या अंगणात जाऊ लागलो. पाळी दोन काय, तीन असती तरी गेलो असतो. हात शेकायचं निमित्त करून सायलेन्सरपाशी उभा राहायचो. व्हॉल्व्ह जळू लागला की धुराच्या वाटेनं आधी कळतं. एका लयीत येणारा वारा मध्येच फुसकतो. तो फुसका आवाज अजून आला का, तेवढं ऐकायला मी जायचो. सुरुवात झाली नसेल तर आज सांगून टाकू, आज ढिले करून देऊ, असं रोज ठरवायचो. पण ढिले केले की टकटक परत येणार, आणि मग ती घालवली कशी होती हे सांगावं लागणार. समोर नाना चहा घेऊन उभे. माझ्यापायी ते चहा करायला शिकले. गूळ जाऊन साखर आली, मग आलं आलं, मग कुठून तरी गवती चहाचं एक रोप आणून त्यांनी विहिरीपाशी लावलं.

होळीच्या सुमाराला सायलेन्सर फुसकला. मी ऐकलं. नानांनी ऐकलं की नाही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

पुढे मोटारीची ताकद उतरत गेली. फागण्याच्या पुढे एका नाल्यातून वर येताना चढण आहे. ती गाडी पूर्वी हसत चढायची. आता पहिला गिअर, मग धापा, मग पॅसेंजर खाली. नानांनी एकदा मला विचारलं, "काय व्हयनं व्हई, फिटरभाऊ?"

मी म्हणालो, "हल्ली पेट्रोलात रॉकेल मिसळतात."

नानांनी चहाचं भांडं उचललं. मग म्हणाले, "हां. जमाना खराब शे." आणि माझा कप पुन्हा भरला.

पुढचा हिवाळा लागला आणि सरकारी मोटारी येणार असं ठरलं. धुळे-जळगावचा मोठा रस्ता सरकारकडे जाणार, आणि ज्यांच्या गाड्या धडधाकट ठरतील अशा जुन्या मोटारवाल्यांना आडगावांचे रस्ते मिळणार. त्यासाठी गाड्यांची तपासणी होती. नानांना थोडी कोरडवाहू जमीन होती. पोटाचा प्रश्न नव्हता. पण ते मला म्हणाले, "मोटार गई, तं पहाटमा उठू कसाले?" त्यांनी हे हसत म्हटलं नाही. मला वाटलं, ते माझ्या उत्तराची वाट बघताहेत.

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. इंजिनाचं डोकं उतरवून, फॅक्टरीत नेऊन, जळालेले व्हॉल्व्ह घासून बसवता आले असते. मला ते येत होतं. फोरमन माझ्या शब्दातला होता. पण डोकं उतरवलं की जळालेल्या बाराच्या बारा कडा नानांना दिसणार होत्या, आणि ते काही अडाणी नव्हते. त्या आठवड्यात मी पान्याला हात लावला नाही. मालकांची जळगावलाही कापसाच्या गाठी बांधायची प्रेस होती, तिकडे बदली मागितली.

तपासणीच्या दिवशी सकाळी गारठा होता. रांगेनं मोटारी उभ्या. गळ्याला मफलर गुंडाळलेले इन्स्पेक्टरसाहेब एकेक गाडी सुरू करायला लावत होते. प्रत्येक गाडी टकटक टकटक. सुतारशाळा भरल्यासारखी. नानांच्या गाडीपाशी आले आणि थबकले.

"वा! याला म्हणतात निगा. गाडी सुरू आहे हे सांगावं लागतं."

नानांनी हात जोडले आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या मला हातानं पुढे ओढलं. "साहेब, हाऊ मन्हा फिटरभाऊ. हाई बठ्ठं त्यानं काम शे."

साहेबांनी मला मान लववून दाद दिली. मीही मान लववली.

मग गाड्या माणसांनी भरून त्या नाल्याच्या चढणीवर नेल्या. नानांची गाडी अर्ध्यावर गेली, खोकली, एक मोठा बार काढला आणि बसली. मागे घसरायला लागली तेव्हा लोकांनी उड्या टाकल्या आणि चाकाखाली दगड लावले. तिच्या बाजूनं बाकीच्या मोटारी टकटक करत, धूर सोडत, रडतखडत का होईना, वर गेल्या. साहेब खाली उतरून चढण पायी चढले. वर जाऊन मफलर सोडत म्हणाले, "आवाज नाही, आणि हिच्यात दमही नाही." तेवढ्यावर निकाल झाला.

मोटार भंगारात गेली. मोरांची बॉडी कुणा केळीवाल्यानं रावेरकडे नेली. अंगणात तेलाचा एक काळा डाग राहिला, आणि त्यावर बाज टाकून नाना बसायला लागले. बदली मंजूर झाल्याचं मला त्याच सुमारास कळलं. माझी ट्रंक मी फॅक्टरीच्या ट्रकमधून, गाठींबरोबर, पुढे धाडून दिली. नानांना काही बोललो नव्हतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. मला हलकं होऊन जायचं होतं. सांगितलं की सुटलो, असं डोक्यात होतं. शिव्या देतील, देऊ देत. हात उगारतील, तेही चालेल.

"नाना, एक सांगायचं आहे."

"सांग."

"तुमचे टॅपेट मी बंद केले होते. फट ठेवलीच नव्हती. त्यानं व्हॉल्व्ह जळले. पेट्रोलाचं मी खोटं बोललो."

नानांनी बिडी पेटवली. काडी विझेपर्यंत हातात धरली.

"माले ठाऊक शे."

"कधीपासून?"

"तू मांडा खाई गया, त्याना चार दिन मांगून मी झाकण उघडं. नख घाली दखं. फट शेच नही."

"मग ढिले का नाही केले? तुम्हाला येतं ते."

"येस ना." रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत नाना तिच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ढिलं करं, का आवाज उना. आवाज उना, का तुले समजनं. तुले समजनं, का मंग तू कसाले येशी?"

"पण मोटार, नाना..."

"मोटार लोखंडनी व्हती." त्यांनी राख झटकली. "पहिले म्हनं, थोडा दिन चालू दिऊ. तू पहाटना येस, चहा लेस, बठस. होळीले ढिलं करू. होळी उनी, तं म्हनं पाडवा व्हई जाऊ दे. अक्का गई, तवयपासून या अंगनमा दुसरं कोन येस?"

मी रोज पहाटे का येत होतो, ते माझ्या जिभेवर आलं होतं. चहासाठी नाही, त्यांच्यासाठी नाही. आपलं पाप पिकलं का, तेवढं ऐकायला येत होतो. ते सांगायला आलो तर सगळंच सांगायला हवं होतं. मी ते गिळलं. त्यांच्यावर दया करून गिळलं, की त्यांच्या नजरेत उरलेलं थोडं राखायला, हे अजून मला सांगता येत नाही.

नाना उठले. विहिरीपाशी जाऊन त्यांनी अंधारात गवती चहाच्या पात्यांवर पाणी शिंपडलं. तिथूनच म्हणाले, "सकाळे येशी ना? मोटार नही, पन आपला चहाले काय धाड भरनी?"

मी म्हणालो, "येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर जाऊन जळगावच्या सरकारी गाडीत बसलो. गाडी अगदी नवी होती आणि जवळजवळ रिकामी होती. गावाबाहेर पडताना ती पारोळा रोडनं आमच्या घरांवरून जाते. आमची घरं डाव्या हाताला लागतात. मी उजवीकडची जागा धरली.